होल्यासाठी गिळलेले आवंढे

चना गाव, रबराच्या बागेतून,
गुरुवार, दुपारची नमाज झाल्यावर

थोरल्या भावाच्या जागी असलेले आदरणीय बांग समाए यांना धाकट्या मारोनिंगचा सलाम. अल्लाच्या कृपेने आपली तब्येत ठीक असेल असं पत्रात लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. ठीक नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. जमीला वहिनींची तब्येत मात्र उत्तम असणार, कारण तुमच्यासारख्या माणसाला नाकातल्या नळीतून रोज पेज पाजायची म्हणजे हत्तीची तब्येत लागते. त्यांना माझा आणि सापियाहचा सलाम सांगा. सापियाहने तुम्हालाही सलाम सांगितला आहे, पण जरा हात राखून. वॉर्डात आपण दोघे मेंदूचा झटका येऊन शेजारशेजारच्या खाटांवर मुके पडलो होतो, तेव्हा तुम्ही पाटीवर तिचं जे चित्र काढलं होतंत ते तिने पाहिलं होतं. (ती एवढी जाड नाही. मी तेव्हाच पाटी पुसायला सांगत होतो, पण सांगू कसा, माझीही वाचा गेलेली.)

फोन का केला नाही असं विचाराल, तर मागच्या फोनचं काय झालं ते आठवा. इकडे मी फुसफुसतोय, तिकडे तुम्ही घोरल्यासारखे श्वास घेताय, आणि दोघेही आपापल्या परीने गप्पा मारतोय. शेवटी वहिनींना वाटलं कोणी भामटा त्रास देतोय, म्हणून त्यांनी मला शिव्या घालून फोन ठेवला. त्यापेक्षा पत्र बरं. पत्राला घसा लागत नाही, आणि तुम्हाला मध्येच तोंड घालता येत नाही.

आता मुद्द्याचं. बांग, हे पत्र लिहिताना माझ्या नाकात नळी नाही. पुन्हा वाचा. नळी नाही. नाक मोकळं, गाल मोकळा, चिकटपट्टीने जिथली दाढी उपटली होती तिथे नवी दाढी येते आहे. पोटालाही भोक नाही. डॉक्टरांनी आपल्या दोघांना एकदमच दम दिला होता की घरी जाऊन गिळायचा सराव केला नाहीत, तर पुढच्या खेपेला पोटाला भोक पाडून नळी तिथे बसवू, आणि मग जन्मभर जेवण तिथूनच. त्यावर तुम्ही पाटीवर एकच शब्द लिहिलात, ‘पाडा’, आणि भिंतीकडे तोंड केलंत. मी तेव्हा हसलो होतो. घरी आल्यावर कळलं की तुम्ही मस्करी केली नव्हती. वहिनींनी सांगितलं, तुम्ही सगळे पिंजरे वाटून टाकले, घुमायच्या स्पर्धा जिंकलेले होले सुद्धा. ते ऐकून मला तुमचा इतका राग आला की तीच एक गोष्ट त्या दिवशी मला गिळता आली नाही असं म्हटलं असतं, पण खरं म्हणजे तेव्हा मला काहीच गिळता येत नव्हतं.

तर हे सगळं कसं घडलं ते ऐका. माझ्या मेहुणीची मुलगी रुसनी तुम्हाला आठवत असेलच, कारण तुम्ही तिला हाकलून दिलं होतंत. पत्तानीला रबराचं शास्त्र शिकते ती. वॉर्डात ती एक काळी, मऊ, बोटभर रुंदीची पट्टी घेऊन आली आणि म्हणाली, ही गळ्यावर बांधायची, घाटीच्या, म्हणजे कंठमण्याच्या, बरोबर वर. आवंढा गिळला की घाटी वर सरकते, पट्टी ताणली जाते, आणि वायरने जोडलेली डबी ‘टूं’ करते. म्हणजे खरोखर गिळलं की नुसता आव आणला ते कळतं. तुम्ही पाटीवर लिहिलंत, ‘मी काय बकरी आहे?’ आणि पाटी तिच्या तोंडासमोर धरलीत. मीही तेच लिहिणार होतो, पण दारात सापियाह उभी होती. म्हणून मी होकारार्थी मान डोलावली आणि मनात ठरवलं की घरी गेल्यावर पट्टी हरवली म्हणून सांगायचं.

हरवली नाही. त्याहून वाईट झालं. बांग, आपण रबरवाले लोक. आपलं आयुष्य गेलं चिकातले बुडबुडे मारण्यात. रबराच्या चादरीत एवढासा बुडबुडा दिसला तर दलाल कसं तोंड वाकडं करतो आणि ती चादर खालच्या ढिगात फेकतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. माझ्या अब्बांनी मला पहिली थप्पड मारली ती बुडबुड्यावरून. (दुसरी तुमच्या नादाला लागून शाळा बुडवली तेव्हाची.) आणि ही पोरगी पत्तानीहून जी पट्टी घेऊन आलेली, ती उजेडात धरून पाहतो तर काय, नुसती भोकं. पावासारखी जाळी. मला खरंच गलबलून आलं. म्हटलं, एवढी शिकलेली मुलगी, आणि हिच्या गळ्यात कोणीतरी खराब माल मारलाय, आणि बिचारीला ते कळलंही नाही. मग मी काय केलं असेल? जे कोणीही इज्जतदार रबरवाला करील तेच. शेडमध्ये गेलो, वायरी सोडवल्या, आणि पट्टी चरकातून काढली. आधी साध्या रुळांतून, मग नक्षीच्या रुळांतून. एक बुडबुडा शिल्लक ठेवला नाही. पापडासारखी पातळ झाली, वर सुंदर चौकडी उमटली. दोरीवर वाळत घातली आणि रुसनीची वाट पाहत बसलो, शाबासकी घ्यायला.

रुसनी आली, दोरीकडे बघितलं, आणि शेडच्या पायरीवर बसली. मी पाटीवर लिहिलं, ‘बुडबुडे काढले.’ खाली अधोरेखित सुद्धा केलं. ती म्हणाली, “काका, भोकं हाच तर सगळा माल आहे. रबर नुसतं भोकांना धरून ठेवायला आहे.” मग तिने मला समजावलं, आणि कबूल करतो, छान समजावलं. त्या भोकांच्या भिंतींना आतून काजळीचा लेप दिलेला असतो, आणि काजळीचे कण एकमेकांना चिकटून असले की त्यांच्यातून वीज चालते. पट्टी ताणली की भिंती ताणतात, कण एकमेकांपासून सुटतात, विजेला अडखळायला होतं, आणि ते अडखळणं डबीला कळतं. सोडली की सगळे पुन्हा जागच्या जागी. भोकं असल्यामुळे ती इतकी मऊ असते की म्हाताऱ्या माणसाच्या आवंढ्याने सुद्धा ताणली जाते. मी चरकातून काढली तेव्हा सगळे कण एका जागी चेंगरले. आता ती पट्टी बैलाने गिळलं तरी हूं का चूं करणार नाही, असं ती म्हणाली. तिने केलेल्या घाण्यातली तेवढी एकच पट्टी तिला नीट साधली होती. सापियाहने माझ्याकडे जे बघितलं, ते सांगत नाही. तुम्ही विवाहित आहात.

भरपाई म्हणून मी माझ्या सगळ्यात चांगल्या झाडांचा ताजा चीक दिला. (आता जे माझ्या गळ्यावर बसलं ते माझ्याच बागेतलं होतं, हे मुद्दाम लक्षात घ्या. तुमच्या बागेतल्या चिकाने हे जमलं असतं असं मला वाटत नाही.) तो चीक रुसनीने माझ्याच स्वयंपाकघरात सापियाहच्या अंडी फेटायच्या यंत्राने फेटला. मी आयुष्यभर ज्या बुडबुड्यांचा खून केला, ते माझ्या डोळ्यांदेखत हजारोंनी जन्माला आले, आणि भांडं धरून मीच उभा. फेस केकच्या भांड्यात ओतला, भट्टीत ठेवला, वाळल्यावर काजळीच्या पाण्यात बुडवला, पिळला, पुन्हा बुडवला. पट्टी झाली झकास. त्या भांड्यात सापियाहने नंतर शेजारणीकडच्या बारशाला केक केला, तो पाहुण्यांनी फार कौतुकाने खाल्ला आणि घरी जाताना एकमेकांना विचारत होते की रस्त्यावर कुठे टायर जळतंय का.

तर पट्टी बांधली. आणि बांग, अपमान म्हणजे काय ते मला कळलं. मी गिळलं, डबी गप्प. पुन्हा गिळलं, गप्प. मी आपला मान हलवून, डोळे मिटून, अगदी मशिदीतल्या पाहुण्यासारखा गंभीर चेहरा करून गिळतोय, आणि डबी ढिम्म. वॉर्डातली सराव घेणारी बाई असती तर म्हणाली असती, वा वा, छान. डबीला माझी भीड नव्हती. वर आणखी एक उपद्व्याप झाला. ती पट्टी बारीकसारीक हालचालही टिपते आणि रुसनीच्या फोनवर तिच्या रेघा उमटतात. मला आवाज नव्हता, पण ओठ न हलवता घशातल्या घशात मी जे काही म्हणायचो त्याच्याही रेघा उमटायला लागल्या. दोन-चार दिवसांत सापियाह त्या रेघा वाचायला शिकली. बसल्या जागेवरून म्हणायची, “मला शिव्या दिल्या ना आता?” मी हात जोडून नाही म्हणायचो, तर त्याचीही रेघ यायची. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण मनातल्या मनात सुद्धा बोलायची चोरी पहिल्यांदाच झाली. मी पट्टी काढून फेकली आणि मीही भिंतीकडे तोंड केलं. होय, तुमच्यासारखंच. म्हणून तुम्हाला बोलायचा मला अधिकार आहे.

आता पांगलिमाची गोष्ट. माझा होला तुम्हाला माहीत आहे (नाव सेनापतीचं, काळीज सशाचं). तो फक्त माझ्या आवाजाला उत्तर द्यायचा. मी सकाळी कुर्र केलं की तो छाती फुगवून असा घुमायचा की रस्त्याने जाणारा स्कूटर थांबवायचा. माझा आवाज गेला तसा तोही मुका झाला. दाणे खायचा आणि माझ्याकडे एका डोळ्याने बघत बसायचा. घरात दोन मुके, आणि बोलणारी एकटी सापियाह, म्हणजे तिलाही बरंच बोलावं लागायचं. एक दिवस तिने आरडाओरडा करून पट्टी पुन्हा माझ्या गळ्यात बांधली आणि मला व्हरांड्यात पिंजऱ्याखाली बसवून निघून गेली. मी रागाने आवंढा गिळला. खरा राग, खरा आवंढा. डबी म्हणाली, टूं. आणि वरून पांगलिमा घुमला.

मी वर बघितलं. तो मान तिरकी करून वाट बघत होता. मी घाईघाईने पुन्हा गिळलं, अर्धवट. डबी गप्प, तोही गप्प. मग मी हनुवटी खाली घेतली, रुसनीने सांगितलं होतं तसं सगळा जीव गळ्यात आणला आणि गिळलं. टूं. आणि त्याने पूर्ण घुमार दिला, सुरुवात, मधला झोका आणि शेवटचं ते लांब गुंजन, ज्याच्यासाठी स्पर्धेतले पंच मान डोलावतात. बांग, मी रडलो. खोटं कशाला बोलू. इतके दिवस मला वाटत होतं की माझ्यातलं त्याला जे ऐकू जायचं ते संपलं. संपलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी गिळत सुटलो. डॉक्टरांसाठी नाही, सापियाहसाठी नाही, पोटाला भोक पडेल म्हणूनही नाही. पोराला गाणं शिकवायचं तर बापाने बसून राहून चालत नाही. सकाळी गिळायचो, दुपारी गिळायचो, लोक भेटायला आले की त्यांच्यासमोर गिळायचो. मान दुखायची, जीभ थकायची, पण तो वरून बघत असायचा. रुसनी रेघा बघून म्हणायची, काका, आजच्या उंच आहेत. मला रेघांचं काही नव्हतं. मला शेवटचं गुंजन लांब करायचं होतं.

आणि मग मी मैदानात उतरलो. चनाच्या होले घुमवायच्या स्पर्धेत, नाकात नळी, गळ्यात पट्टी, हातात डबी. पिंजरा दोरीने वर चढवला, खांबांच्या रांगेत माझा खांब नेमका मधला, आणि मी मैदानाभोवतीच्या दोराबाहेर उभा. तिथे लगेच भांडण. कोणीतरी म्हणालं, शिट्टी वाजवायला बंदी आहे, आणि ही डबी म्हणजे शिट्टीच. दुसरा म्हणाला, शिट्टी तोंडाने वाजते, ही गळ्याने वाजते. सगळे पंच जमले, नियम आठवून झाले. शेवटी सगळ्यात म्हातारे पंच म्हणाले, “माणूस उभा राहून थुंकी गिळतोय. थुंकी गिळायला बंदी घातली तर आधी मलाच घरी जावं लागेल.” आणि विषय मिटला.

पण त्या भांडणात माझं तोंड कोरडं पडलं. कोरडं म्हणजे उन्हात ठेवलेल्या पायपोसासारखं. शेजारचे होले घुमताहेत, पंच वहीत आकडे टिपताहेत, पांगलिमा वरून माझ्याकडे एका डोळ्याने बघतोय, आणि माझ्याकडे गिळायला थेंब नाही. मी जीभ फिरवली, दात चावले, लिंबाचा विचार केला. काही नाही. डबी गप्प, होला गप्प. पंच माझ्या खांबाखालून मान हलवत पुढे गेले. आता सगळं बुडालं असं मला वाटलं, आणि तेवढ्यात वारा फिरला.

मैदानाच्या कडेला कोंबडीवाल्याने कढई तापवली होती. हातयाई शहराच्या पद्धतीची कोंबडी, वर तळलेला कांदा, तो कुरकुरीत, लालसर, आपण दोघे जो कोंबडी संपल्यावर कागदातून वेचून खायचो तो. तो वास नळीच्या बाजूने कसाबसा आत शिरला. बांग, कित्येक महिन्यांनंतर माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आणि नुसतं सुटलं नाही, पूर आला. मी गिळलं. टूं. वरून घुमार. कोंबडीवाल्याने दुसरा घाणा टाकला. टूं. घुमार. पंच परत फिरले. मी डोळे मिटून त्या कढईकडे तोंड करून उभा राहिलो, आणि लाळ येतेय तोवर गिळत राहिलो, आणि पांगलिमा असा घुमला की सगळ्या रांगेत दुसरा आवाज उरला नाही. लोक म्हणत होते, काय उस्ताद आहे, डोळे मिटून पाखराला सूर देतोय. त्यांना काय माहीत, मी मांडीचा तुकडा की पंखाचा हा विचार करत होतो.

त्यानंतर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पातळ औषध गिळायला दिलं आणि यंत्राच्या पडद्यावर बघत बसले. मी सवयीने हनुवटी खाली घेतली. पडद्यावर ती काळी धार सरळ जिथे जायची तिथेच गेली, एक थेंब वाट चुकला नाही. डॉक्टरांनी नर्सला हाक मारली आणि नळी काढली. पोटाच्या भोकाचा कागद समोर तयार होता, तो त्यांनी फाडला. घरी आल्यावर सापियाहने घट्ट पेज केली आणि त्यात बोटाच्या टोकाएवढं आंबवलेल्या मासळीचं बुडू घातलं. (डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. ती म्हणाली, डॉक्टर बँकॉकचे आहेत, त्यांना काय कळतंय.) पहिला घास गेला तेव्हा मी तिच्याकडे बघितलं, ती माझ्या गळ्याकडे बघत होती, आणि पट्टी नसताना सुद्धा ती म्हणाली, “टूं.” इतकं चांगलं जेवण मी जन्मात जेवलो नाही.

बस्स. एवढं कळवायचं होतं. तब्येतीला जपा आणि वहिनींना जास्त त्रास देऊ नका. तुमच्या आजाराला उतार पडो ही अल्लाकडे मागणी.

तुमचा धाकटा,
मारोनिंग

ता. क. सापियाहने पत्र वाचलं आणि ती म्हणते की स्पर्धेचा निकाल लिहायचा राहिला. राहिला नव्हता. पांगलिमाला बक्षीस मिळालं नाही. पहिल्या फेरीतले गुण गेले ते गेलेच. पण बक्षिसाची ढाल घेऊन गेलेला माणूस जाताना माझ्या खांबाखाली थांबून वर बघत होता, हे मी स्वतः पाहिलं.

ता. क. हे पत्र रुसनी आजच घेऊन येते आहे, आणि तिच्याकडे एक डबा आहे. त्यात डबीसकट नवी पट्टी आहे, तुमच्या गळ्याच्या मापाची. माप कुठून मिळालं म्हणून वहिनींवर ओरडू नका. तुम्ही झोपला होतात तेव्हा त्यांनी दोऱ्याने घेतलं. चीक माझ्या बागेतला आहे, त्यामुळे मालाची चिंता नाही. आणि काही झालं तरी ती चरकातून काढू नका.

ता. क. आता खरी अडचण सांगतो, कारण तुमच्याशिवाय कोणाला सांगू. मी बरा झालो तशी रुसनीने माझी पट्टी काढून घेतली. माझा आवाज थोडा परत आला आहे, पण तो गंजलेल्या बिजागरीसारखा आहे, पांगलिमा त्याला भीक घालत नाही. रुसनी डबी नुसती बटण दाबून वाजवून बघते, त्यालाही तो फसत नाही, त्याला आवंढ्यानंतरचीच ‘टूं’ लागते, कशी ओळखतो कोण जाणे. तो पुन्हा मुका झाला आहे. मला आता नीट गिळता येतं म्हणून माझा त्याला काही उपयोग नाही. त्याला रोज जोर लावून, चुकत चुकत गिळणारा माणूस पाहिजे, आणि असा माणूस मला जवळपास एकच माहीत आहे. म्हणून उद्या जुम्म्याच्या नमाजेनंतर मी त्याला घेऊन तुमच्या गावी, थेपाला, येतो आहे. तुमच्या खिडकीत पिंजरा टांगायला खिळा आहे, असं वहिनी म्हणाल्या. तुम्ही बरं व्हावं असं मी मुळीच म्हणत नाही, तो तुमचा प्रश्न. पाखरू मुकं बसलंय, तेवढं बघा. तुमच्या हाताखाली ते घुमायला लागलं तर परत मागणार नाही. पुढच्या वर्षी मी नवा होला घेऊन मैदानात येईन, आणि हरलोच तर तुमच्याकडून हरेन. दुसऱ्या कोणाकडून हरायची मला हौस नाही.